नमुना

हरिपूरच्या पेवातली ती हळद
गेल्या उन्हाळ्यापासून जागची हललेली नाही.
तरी पाच वेळा विकली गेली.
मला ठाऊक आहे, कारण पाचही वेळा
तिचा कागद माझ्या सहीनं गेला.

पेव भरताना काढून ठेवलेली एक बरणी,
तिच्यातून दर वेळी चमचाभर माझ्याकडे येते.
ओलावा किती, कुरकुमीन किती, शिसं आहे का,
बघते, लिहिते, शिक्का मारते.
उरलेली पूड धुऊन टाकते.
प्रयोगशाळेचं बेसिन केव्हाच पिवळं पडलंय.

अब्बा मार्केट यार्डात पोती वाहायचे.
मानेत हळद, कानात हळद,
वजू केला तरी टाचांच्या भेगांत हळद.
हमाली किती मिळायची, ते कधी सांगत नाहीत.
म्हणाले, तुझ्या कागदाचं सांग.
सांगितलं.
त्यांनी कागद तळहातावर घेऊन तोलला,
खरंच तोलला, हात खालीवर करून,
"बरंय की. पाठ वाचली."

पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
दोन हात आत, बोटं बोलायची,
भोवतीच्यांना नुसतं कापड हललेलं दिसायचं.
तेव्हाही मोल त्या झाकल्या बोटांचंच होतं म्हणा.
पण रुमाल उचलला की
शेजारी ढीग असायचा.
आता इरोडचा कुणीतरी, ज्यानं कृष्णा पाहिली नाही,
रात्री दोनला मेसेज करतो :
माल राहू द्या तिथंच, आकडा पाठवा.

पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचे.
जळत राहिला तर माणूस उतरायचा,
विझला तर थांबायचं. दिवस गेला तरी.
त्या बातमीचे कुणी पैसे घेत नव्हतं.
दस्तगीरचाचा उतरले तेव्हा
वर ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता,
आणि कंदील शोधायला कुणी गेलं नाही.
अब्बा एवढंच सांगतात.
पुढचं आम्ही विचारत नाही.

आज सहावा गिऱ्हाईक.
चमचा आला नाही, नुसती चिठ्ठी :
बरणी संपली. जुनाच आकडा नव्या तारखेनं द्या.
पेव उघडायला माणूस मिळत नाही.

शिक्का हातात धरून बसले बराच वेळ.
शाई वाळली.
मग अब्बांना फोन केला, घरात कंदील आहे का?
माळ्यावर असेल, म्हणाले.
काच फुटलीय त्याची.
का गं?