डागडुजी

टेक्सासच्या तळाशी, रिओ ग्रांदेच्या काठी
एप्रिलमध्येच गोदामाच्या पत्र्याला हात पोळतो.
रॅकवर अकरा हजार मेलेली गेमयंत्रं.
"मेलेली नको म्हणूस," युलालिया सांगते, "आलेली म्हण."
दातांत स्क्रू धरून बोलते ती.

मी उत्तरेकडचा, मुख्य कचेरीतला.
तिला माहीत आहे मी कोण:
चाचणीच्या कागदावर माझी सही आहे.
"थंड खोलीत चालतंय ना?" वरून विचारलं होतं.
चालत होतं. थंड खोलीत.
नाताळ तोंडावर आला होता.

पुढचं सोपं आहे.
मुलं खेळतात, चिप तापते. आई जेवायला हाक मारते, चिप निवते.
तापणं निवणं तापणं निवणं,
आणि मोहरीहून बारीक डागाला जातो तडा,
केसाएवढा.
शिसं असतं तर डाग वाकला असता.
शिसं विषारी, कायद्यानं काढलं, बरंच केलं.
नव्या कथलाला वाकायची सवय नव्हती.
आम्हालाही.

आठ महिने आम्ही म्हणत राहिलो: तुरळक तक्रारी.
तुरळक हा शब्द मीच सुचवला होता.
तोवर लोक यंत्राला टॉवेलात गुंडाळत होते,
ताप उतरवायला नव्हे, चढवायला;
एखाद्या रविवारपुरता तडा मिटायचाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
आमची उघडली तेव्हा नव्वद कोटी डॉलरची निघाली.
उघडली हिशेबखात्यातल्या मार्गित ऊस्टरहाउटनं.
भाषण नाही. म्हणाली,
"खोकी पाठवा. रिकामी. परतीचं टपाल आपलं.
तीन वर्षं कुणाकडे पावती मागायची नाही."

मला वाटायचं, माफीनामा हवा, चांगल्या कागदावर.
पण दारात रिकामं खोकं आलं
की माणूस शिव्या अर्ध्यावर सोडून
चिकटपट्टी शोधायला लागतो.

खोक्यांतून काय काय येतं:
झुरळं, मांजराचे केस, एक दुधाचा दात.
आज आलेल्याच्या पाठीवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा,
डावीकडे एक्केचाळीस, उजवीकडे अडतीस,
आणि चिठ्ठी:
"बदली नको. हेच द्या. बहिणीचे अजून तीन बाकी आहेत.
ओडेट ब्रूसार्ड, लेक चार्ल्स."

नियमात 'हेच' नसतं. नियमात असतं 'कोणतंही चालू'.
युलालियानं माझ्याकडे पाहिलं.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.
तिनं रेघांचं कवच बाजूला काढून ठेवलं,
कापडावर, भाकरी ठेवावी तसं.

(पुढच्या महिन्यात अर्जावर नवा रकाना आला: कवच तेच.
यंत्रामागे चार मिनिटं जास्त.
मार्गितनं खर्च विचारला. आकडा ऐकला.
पुन्हा विचारला नाही.)

लागतो तो डाग वेगळा, देतात तो वेगळा,
या टेबलावर दोन्ही असतात.
तिनं गरम हवेची नळी माझ्या हातात दिली.
"थरथरतोय हात," म्हणाली.
"सही करताना थरथरला होता?"

नाही, युलालिया.

यंत्र चालू ठेवलंय रात्रभर.
दार बंद, पंखा बंद, अडतीस अंश.
मी शेजारी खुर्ची टाकून बसलोय, शर्ट पाठीला चिकटलेला.
पहाटेचे चार. हिरवा दिवा आहे.
कागद समोरच आहे.
अजून सही केलेली नाही.