एक शून्य जास्त

सत्तेचाळीसचा फेब्रुवारी. केंटिश टाउन.
तिसऱ्या मजल्यावर मी, खाली एनिड टॅटर्सल,
तिच्या खाली मिसेस पिलबीमचं स्वयंपाकघर
आणि सगळ्यांच्या खाली कोळशाचं तळघर,
त्यात एक फावडं. बस्स.

नऊ ते बारा वीज नाही, दोन ते चार नाही.
ओव्हरकोट घालूनच मी झोपायचो
आणि त्याच कोटात संख्याशास्त्र वाचायचो.
शाईची दौत काखेत धरून वितळवायची.

शनिवारी गॅस-कारखान्याच्या फाटकाशी रांग लागे.
बाबागाड्या ढकलत आलेल्या बायका,
एकीच्याही गाडीत बाळ नाही.
मोजून मिळालेला कोक त्या दुपट्याखाली झाकून नेत,
रस्त्यात कुणी वाकून बघू लागलं तर
दुपटं आणखी वर ओढत.

आमची गाडी बर्टीची. बर्टी पिलबीम, वय बावीस,
तेव्हा एसेनला, जिंकलेल्या मुलखात,
कोळशाच्या वाघिणींवर पहाऱ्याला.
त्याचं पत्र आईनं टेबलापाशी वाचलं:
*इथली पोरं चालत्या गाडीवर चढतात,
वरून ढेकळं खाली टाकतात, खाली त्यांच्या आया.
आम्हाला गोळी झाडायचा हुकूम आहे.
मी बहुतेक वेळा बुटाची नाडी बांधत असतो.*
मिसेस पिलबीमनं पत्र घडी करून
चहाच्या डब्यात ठेवलं
आणि रांगेत जायला टोपी घातली.

एनिड त्याच मुलखाच्या कारभाराच्या कचेरीत टंकलेखिका.
बोटं कापलेले हातमोजे, एक मूळ, पाच कार्बन प्रती.
रूरच्या खाणींतून काल किती टन निघाला,
रेल्वेला किती, पोलादाला किती, परदेशी किती,
खाणकामगाराला पाव किती म्हणजे तो उद्या खाली उतरेल.
शेवटचा रकाना: घरांसाठी.
त्यात बहुधा एक आडवी रेघ.

मला वाटायचं, आमच्याही मुलखाचा असाच तक्ता असेल
इथंच कुठंतरी, जिन्याखालच्या कपाटात,
कुण्या गारठलेल्या मुलीनं नीट समास सोडून केलेला.
हे मी बोललो नाही. सूप गरम होतं.

मग तो मंगळवार.
बधिर बोट शून्याच्या कळीवर पडलं,
उचललं, आणि पुन्हा तिथंच पडलं.
दोन लाख सव्वीस हजार टनांचे
बावीस लाख साठ हजार झाले,
सहा कागदांवर एकदम.

"चहा येईपर्यंत मी तसंच ठेवलं," एनिड सांगत होती.
"नुसती बघत बसले हो.
म्हटलं, आता त्या पोरांना कुणी गाडीवर चढू देईना की नाही,
चढायचं कारणच काय?"
हसता हसता तिला खोकला आला.

मिरजेला आमच्या बंबात करवंट्या जळत,
कधी लाकडाचा भुसा. आकडा जळताना मी पाहिला नव्हता.
पण त्या रात्री स्वयंपाकघरात
तिनं बोटानं टेबलावर गिरवलेल्या त्या शून्याभोवती
आम्ही तिघं जरा पुढे सरकून बसलो, हे खरं.
शून्य आमच्याकडचं, असं सांगायचं ओठावर आलं होतं.
राहिलं.

"मग?" मिसेस पिलबीम.
"मग काय, खोडलं. सहाही ठिकाणी.
टेबलभर काळा कीस पडला रबराचा."
"टाकलास? वेडी का गं तू?
घरी आणायचास. जळला असता."

मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि तळघरात पाणी शिरलं.
फावडं दुसऱ्याच कोपऱ्यात सापडलं.
बर्टीचं पत्र आलं नव्हतं त्या आठवड्यात.
पाणी ओसरल्यावर चारी भिंतींवर
गुडघाभर उंचीवर राहिली ती
काळी, सरळ, आडवी रेघ.
मिसेस पिलबीमनं ती दोनदा घासली.
तिसऱ्यांदा मी घासली.