मीठ किती मुरलंय

तीस वर्षं वजनकाट्यापाशी उभी राहिली स्टेइनुन.
कॉड माशाच्या पाठीत अंगठा रोवून सांगायची,
मीठ किती मुरलंय.
भाव करताना तिचा आवाज
धक्क्यापलीकडच्या बोटींना ऐकू जायचा.

आता लिस्बनमध्ये आइसलँडची राजदूत.
वाक्यं इस्त्री होऊन येतात, घडी मोडायची नाही.
‘चिंता’ म्हणायचं, ‘राग’ नाही.
हस्तांदोलनात मात्र अंगठा
सवयीनं दाबतो समोरचा तळवा.
मंत्री बहुतेक अळणीच निघतात.

शनिवारी एकटीच बाजारात गेली.
वाण्याकडं टांगलेले मासे, तिच्याच बंदरातले.
तिनं अंगठा टेकवला.
“बाई, हात नका लावू,” म्हातारा खेकसला.

मग ती भाव पाडायला लागली,
मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये,
आणि कितीतरी महिन्यांनी
तिचा घसा मोकळा झाला.