सारखं नाही

मे महिना. मेडिकलच्या तेवीस नंबरात
कूलरच्या खसाचा ओला वास
आणि टेबलावर देवचंद निमजे, तांडापेठ,
वय एकेचाळीस, आजार : निरंक.
अभ्यासासाठी निरोगी माणसं हवी होती.

छातीवर गार जेल लागताच तो हसला.
कागद सरकू लागला.

मी ठोक्यांमधली अंतरं मोजते :
आठशे बारा, आठशे सेहेचाळीस,
सातशे नव्वद मिलिसेकंद.
श्वास आत, तर टोकं जवळ येतात,
बाहेर सोडला की लांबतात,
जणू कुणी दार उघडून
उंबऱ्यावर थोडं थांबलं.

"मॅडम, हे तं मागंपुढं होते. बिघडलं का काई?"

नाही हो, म्हटलं, असंच असतं.
धडधाकट हृदय पावलं मोजून चालत नाही.

त्यानं पट्टी बोटांत धरली,
पोत पाहावा तशी.
"धोटाबी असाच जाते. हातमागावर
दोन खेपा सारख्या? कधीच नाही.
सारखंच पाह्यजे असन तं पॉवरलूम."

सही करून गेला. चहाचे पैसे घेतले नाहीत.

ड्रॉवरात, गॉजच्या पाकिटाखाली,
बाबांची शेवटची पट्टी आहे, पेसमेकरची.
एक हजार. एक हजार. एक हजार.
फुटपट्टीवरच्या खुणा.
तेव्हा आईला मीच म्हणाले होते,
बघ, किती छान चाललंय.

कूलरचं पाणी संपलं, नुसता पंखा घरघरतोय.
पुढचं नाव पुकारलं;
आवाज जरा
उशिरा निघाला.