काकडी ज्यादा

परभणीत जायकवाडी वसाहतीच्या फाटकासमोर
मुखीदभाईची टपरी होती.
एका पेंटरनं उधारी फेडायची म्हणून
पत्र्यावर लाल रंगात लिहून दिलं: सॅन्डवीज.
तो 'ज' कुणी दुरुस्त केला नाही.
आमच्या घरात अजून सॅन्डवीजच म्हणतात.

पाव चारच्या सुमारास सायकलवर यायचा,
ओल्या फडक्याखाली.
चटणी हिरवी, पण तिच्यात भाजलेले शेंगदाणे.
आणि लांब दांड्यांचा काळा साचा,
गॅसवर उलटा, सुलटा, उलटा,
उघडला की पावावर शिंपल्याचा ठसा.

पहिल्या तारखेला आम्ही पाचजण जायचो
आणि तीन सांगायचो.
तिनाचे पाच सारखे वाटे
मला वहीत कधी जमले नाहीत,
मुखीदभाईला सुरीनं जमायचे.

मग ती संध्याकाळ.
बढतीच्या यादीत अण्णांचं नाव नव्हतं,
हे आम्हाला फार उशिरा कळलं.
दिसलं ते एवढंच, की पहिल्याच घासाला
त्यांनी बशी फळीवर आदळली,
"काकडी कडू आहे."

मुखीदभाईनं एक चकती उचलली,
सावकाश चावली.
"काकडी गोड हाय, पिंगळीकर साब.
जबान कडू झाली आज तुमची."

घरापर्यंत कुणी बोललं नाही.
नितूच्या मुठीत त्याचा वाटा होता,
तो त्यानं न चावता ओला करून संपवला.
दारात चपला काढता काढता अण्णा म्हणाले,
"या घरातलं कुणी त्या पायरीवर पाय ठेवायचा नाही."
टपरीला पायरी नव्हती.

अकरा महिने.
आईनं तव्यावर पाव ठेवून वर वरवंटा ठेवला.
पाव चेपला, टोमॅटो बाहेर आला.
छान झालंय, आम्ही म्हणालो.
आई म्हणाली, खोटं बोलू नका, खा.

बाराव्या पहिल्या तारखेला
अण्णांनी शर्ट बदलला आणि म्हणाले, चला.
मुखीदभाईनं मान वर न करता तीन पाव घेतले,
पाच वाटे केले.
आम्ही सगळे खाली बघून खात होतो,
जरा जास्तच खाली.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला.
मुखीदभाई जाऊन तोवर चार वर्षं झालेली.
टपरी क्रेननं उचलली त्या सकाळी मी माहेरी होते.
त्यांची शगुफ्ता एका पेटीवर बसली होती,
मांडीत उधारीच्या वह्या.
"ताई, तुमच्या घरचं पान हाय यात,"
ती म्हणाली आणि वाचायला लागली,
कारण वही उर्दूत होती.

बाई. चतुर्थी. कांदा नको.
मोठा. दोन. दोस्तासंगं. पैसे बाकी.
बेटी. अर्धं, ट्यूशन सुटल्यावर.
(अर्ध्याचे पैसे मी कंपासपेटीतून द्यायचे.
मला वाटायचं, घरात चोर मी एकटीच.)
छोटा. कडा. फुकट.
पुन्हा बाई. पुन्हा छोटा.
असं पानभर, अकरा महिने,
आणि त्या माणसानं
एकाचा घास दुसऱ्याच्या कानावर घातला नाही.

शगुफ्ता पान उलटून थांबली,
ओढणीत हसली.
साब. बुधवार. बत्ती गेल्यावर.
काकडी ज्यादा.
पुढच्या बुधवारी: काकडी ज्यादा.
त्याच्या पुढच्या: काकडी ज्यादा.
बत्ती आली, अर्धं टाकून गेले.

ते पान मी मागून घेतलं, घरी नेलं.
आई उपासाचं ऐकून पदर तोंडाला लावून हसत सुटली,
मग उठून आत गेली, बराच वेळ आली नाही.
अण्णा आता एका कानानं ऐकतात.
त्यांच्या त्या कानाशी जाऊन
मी बुधवार वाचले, सगळे.

त्यांनी कागद हातात घेतला,
येत नसलेल्या लिपीवर बोट फिरवलं
डावीकडून उजवीकडे,
घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला.
डबी मिटली.

"पण त्या दिवशीची," ते म्हणाले,
"कडूच होती."