भालकीचे कान

उदगीर स्थानकात, चार नंबरच्या फलाटावर
भालकीची गाडी निघून गेल्यावर
बाकाखाली एक वायरची पिशवी राहिली.
मी माइकवरून तीनदा पुकारलं,
ज्यांची कुणाची असेल त्यांनी
नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा.
संपर्क पिशवीनंच साधला.
आतून दोन कान बाहेर आले, लांबच लांब,
आणि त्यांच्या मागून थोडंसं कुत्रं.

नाव भालकी पडलं.
शेजारच्या संगम्माबाईंचं माहेर भालकीचं,
त्या अजून रुसून आहेत.

पहिल्या वर्षी मला काहीच कळलं नाही.
ती हौदात उतरायची, ओल्या कानांनीच झोपायची,
मान वाकडी करून उंबऱ्याला कान घासायची.
मला वाटलं, खोड आहे.
मग एका रात्री मांडीवर डोकं ठेवलं तिनं
आणि वास आला,
झाकून विसरलेल्या धपाट्याच्या पिठाचा.
आई म्हणाली, लसणाचं तेल कोमट कर, सोड दोन थेंब,
तुम्हा चौघांचे कान मी तसेच वाढवले.

जनावरांच्या दवाखान्यात मन्मथअप्पा ड्रेसर म्हणाले,
“तेल नका घालू बाई.
आतली वाट सरळ नाही, खाली जाऊन वळतीय,
तुमची गाडी डेपोत वळती तशी.
वरून हे झापड. वारं जावं कुठून?
दुरडी झाकून ठेवली की भाकरीला बुरा येतो का नाही?
तसंच हाय.”
डॉक्टरांनी चिमट्यानं एक कुसळ काढलं,
माळावरचं, अजून टोकदार.
थेंब दिले दहा दिवसांचे.
सहाव्या दिवशी खाज थांबली.
मी नाही थांबले.

तेव्हापासून दर रविवारी,
टॉवेल, कापूस, दवाखान्यातली निळी बाटली,
तळहातांत धरून कोमट केलेली.
उजवा कान उलटा करून डोक्यावर टाकते,
बाळाचं टोपडं मागं सारावं तसा.
रंग बघते.
फिका गुलाबी असेल तर पुढं जायचं.
लाल, गरम असेल तर हात लावायचा नाही,
सुभानची रिक्षा बोलवायची.

कान भरायचा, मग मुळाशी चोळायचं.
चिखलात चप्पल रुतल्यासारखा आवाज येतो,
पचक, पचक,
तिचे डोळे मिटतात
आणि मागचा एक पाय हवेत सायकल चालवतो.
मग सोडून द्यायचं, आणि सरकायचं.
ती डोकं झाडते.
भिंतीवर, कॅलेंडरवर, आईच्या चष्म्यावर
तपकिरी ठिपके.
आई म्हणते, तेल बरं होतं.

बोटाला कापूस गुंडाळून पुसते, बोट जाईल तेवढंच.
काडी नाही.
माझ्या पर्समधली कान कोरायची काडी
मन्मथअप्पांनी स्वतः मोडून टाकलीय.
जेवताना जुन्या मोज्याचं तोंड कापून
डोक्यावरून चढवते तिच्या,
कान वरणात बुडू नयेत म्हणून.
तेव्हा ती हुबेहूब संगम्माबाईंसारखी दिसते,
पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

दिवसभर मी अख्ख्या स्थानकाच्या कानात गाड्या ओतते,
देगलूर, जळकोट, अहमदपूरमार्गे नांदेड,
आणि माणसं खिडकीशी येऊन विचारतात,
“मॅडम, निलंग्याची लागली का?”
नुकतीच सांगितलेली असते. दोनदा.

घरी येते तेव्हा घसा बसलेला.
कुलूप काढताना नुसत्या ओठांनी म्हणते, भालकी,
आणि आत फरशीवर नखं वाजायला लागतात.

आज कान उचलून हुंगला.
वास नाही.
म्हणजे आहे, कुत्र्याचा.

डावा अजून राहिलाय.