एकोणीस नंबरची काच

आधी काच धुवायची.
साबणात, मग आम्लात, मग अॅसिटोनमध्ये,
शेवटी चिमट्यात धरून,
तोंडाचा वाराही लागू न देता.

न्सुक्काच्या टेकड्यांत जानेवारीत हे सांगणं म्हणजे थट्टाच.
वाळवंटातून उठलेली धूळ महिनाभर खाली बसत राहते.
खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबलं
तरी सकाळी वहीच्या पुठ्ठ्यावर
बोटानं नाव लिहिता येतं.

बीकरमध्ये कॅडमियमचं मीठ.
वरून अमोनिया, थेंब थेंब.
पाणी आधी दुधाळतं, आणखी थेंबांनी पुन्हा निवळतं.
इथे घाई केली की फसलं.
डोळ्यांना धारा लागतात,
दारातून बघणाऱ्याला वाटतं, रडतेय बिचारी.
मग थायोयुरिया.
काच उभी टांगायची, सत्तर अंशांवर,
आणि गप्प बसायचं.

आई बसथांब्यावर ओक्पा विकते.
शेंगांचं पीठ, ताडाचं तेल, कोमट पाणी,
पानात बांधून उकळत्या पातेल्यात.
माझं काम तिनं एका वाक्यात संपवलं होतं:
"म्हणजे तूही पिवळंच शिजवतेस, ओबिआनुजू."
"पण माझं खायचं नाही, आई. विष आहे."
"मग शिजवतेस कशाला?"
याचं उत्तर प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आहे,
पण तिथे तरी ते मला पटेल असं कुठे लिहिलंय.

एकोणीस नंबरच्या वेळी
बाविसाव्या मिनिटाला वीज गेली.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
म्हातारे एकेचुकवू किल्ल्या वाजवत म्हणाले, "टाकून दे ते."
मी टाकलं नाही. कंटाळा, दुसरं काही नाही.
काच रात्रभर निवत्या पाण्यात लटकत राहिली.

सकाळी फिकी निघाली,
लिंबाच्या सालीच्या आतल्या अंगासारखी.
चिकटपट्टी लावून ओढली. सुटली नाही.
वर्णपटमापकात ठेवली, तर कडा निळ्याकडे सरकलेली.
मी यंत्रावर चिडले, तीनदा शून्य लावलं.
तीच रेघ.
म्हणजे कण बारीक होते.
एवढ्याशा खोलीत कोंडलेला इलेक्ट्रॉन
साध्या हाकेनं उठत नाही,
जरा जास्त जोर लावावा लागतो.

क्ष-किरणांचं यंत्र आमच्याकडे नाही.
कापसात गुंडाळून, कोकोच्या डब्यात घालून,
बसच्या ड्रायव्हरच्या हाती ती काच दूरच्या शहरात गेली.
सात आठवड्यांनी आलेख आला.
शिखर कसलं, आमच्या टेकड्यांसारखी बसकी उंचवट.
पण नियम उलटा आहे:
शिखर जितकं पसरट, कण तितका लहान.
पाच नॅनोमीटर.
पुन्हा मांडलं. पाचच.

सरांनी विचारलं, "तापमान काय लिहिणार?"
लिहिणार काय?
सत्तर, आणि पुढे सरकारची मर्जी?
"पुन्हा करून दाखव," ते म्हणाले, "तरच तुझं."

त्या दिवसापासून वीज जात नाही.
वीस नंबर हातानं बटण बंद करून केली: भुकटी.
एकवीसवर डाग.
बहुधा तेव्हा पंखाही बंद पडला होता,
बहुधा खिडकीही कुणी लावून घेतली होती.
वहीत तसं काहीच नाही.

बावीस नंबर आत्ता पाण्यात आहे.
आईचा ओक्पा बाहेर खिळ्याला पिशवीत टांगलेला,
इथे आत खायचं नसतं.
एकोणीस मिनिटं झालीत.
मी बटणाजवळ उभी आहे.